अंगठ्याचा खड्डा

अकोले तालुक्यातलं एक आरोग्य उपकेंद्र. सकाळचे साडेदहा. टेबलावर टॅब उभा केलाय आणि त्याच्यासमोर आजी पदर सावरून बसल्यात, फोटोच काढायचाय अशा थाटात.

शुगर आणि बीपी, दोन्ही जुनी दुखणी. पूर्वी गोळ्यांसाठी दर महिन्याला तालुक्याची फेरी. एसटी, केसपेपरची रांग आणि सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज. "आवणीच्या दिवसांत मी गोळ्याच सोडून द्यायचे," आजी सहज सांगून टाकतात.

आता डॉक्टर इथंच दिसतात, 'ई-संजीवनी'वर. केंद्र सरकारची ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांतून सुरू झाली. टाळेबंदीत, एप्रिल २०२० पासून, ती घरच्या मोबाइलवरही आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली होती. त्यातला हा एक सल्ला कसा होतो, ते बघू.

"पाय सुजतात का, आजी?"

"नाही."

सूज म्हटली की ती दुखायलाच हवी, असा आजींचा हिशोब. समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या ताई खाली बसतात, घोट्याच्या वर अंगठा दाबून धरतात. मग काढतात. खड्डा तसाच राहतो. ताई टॅब पायाजवळ नेतात, उजेडाकडे वळवतात.

"हां, दिसला."

इथून पुढं संभाषणच बदलतं. बीपीची कुठली गोळी चालू आहे? अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीमुळे अशी सूज येऊ शकते. पण मूत्रपिंडं आणि हृदयही तपासायला हवं. डॉक्टर रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून देतात. त्यासाठी तालुक्याची फेरी काही चुकत नाही.

मध्येच रेंज जाते, चित्र थिजतं. आजी थिजलेल्या डॉक्टरांकडे बघून मान डोलावत राहतात.

"पुतण्याच्या मोबाइलवरून घरनं पण केलेलं एकदा," नंतर त्या सांगतात. "डॉक्टर चांगले होते. त्यांनी पायाचं इचारलं, मी नाही म्हटलं. झालं."

तेव्हा शेजारी ताई नव्हत्या.

आजी उठतात, पायरीवर चप्पल घालतात. डाव्या चपलेचा पट्टा ब्लेडने थोडा कापलेला दिसतो. कधी कापला?

"झाला की महिना. घट्ट व्हायला लागली होती."