एसी घड्याळावर चालतो

"एसी लावला तर रेंज किती कमी होते?" इलेक्ट्रिक गाडी घेऊ पाहणारा प्रत्येक जण मला हे विचारतो. रेंज म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर. टक्क्यांत उत्तर दिलं तर फसवणूक होईल. चाकं वीज खातात किलोमीटरवर आणि एसी खातो तासावर. सगळा घोळ तिथेच आहे.

घरच्या वीजबिलातलं युनिट घ्या, म्हणजे 1000 वॉट-तास. आपल्या नागपुरात मे महिन्यात 45 अंशांत गाडी एकदा गार झाली, की एसीला तासाला दीड युनिट धरा. उन्हात उभी गाडी, स्टिअरिंगला हात लाववत नाही, अशी पहिली दहा-पंधरा मिनिटं तो याच्या दुप्पट वेगानं वीज ओढतो. आता 30 युनिटांची बॅटरी घ्या. हायवेवर 80 च्या वेगानं गाडीला किलोमीटरला 150 वॉट-तास लागले, तर एसीची त्यात भर जेमतेम 19 ची. 200 किलोमीटरचे 178 होतात. तीच गाडी शहरात सिग्नलला थांबत सरासरी 20 च्या वेगानं चालली, तर एसीची भर 75 वर जाते. एसीविना शहरात मिळणाऱ्या 230 किलोमीटरचे 146! आणि कंपनी जो आकडा छापते, त्या चाचणीत एसी बंद असतो.

थंडीचा मार याहून मोठा. अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संस्थेनं 2019 मध्ये गाड्या तपासल्या. 35 अंशांत एसी लावून रेंज 17 टक्क्यांनी घटली, उणे 7 अंशांत हीटर लावून 41 टक्क्यांनी. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते, इथे ऊबही बॅटरीतूनच काढावी लागते. न्यू जर्सीतल्या भाच्याला हे जरूर कळवा.

गेल्या मे महिन्यात आम्ही अमरावतीला निघालो. कोंढाळीच्या पुढे मी रेंजच्या धास्तीनं एसी बंद केला, काचा खाली केल्या. आई मागे बसली होती. तळेगावपर्यंत तिनं बाटलीतलं पाणी घालून पदर तीनदा ओला केला, तोंडातून शब्द काढला नाही. पोहोचल्यावर मी हिशेब मांडला. दोन तासांचा एसी म्हणजे 3 युनिटं, फार तर 20 किलोमीटर. त्यातलेही काही उघड्या काचांतून घुसणाऱ्या वाऱ्यानं खाल्ले असणार. बॅटरीत तर पोहोचल्यावरही भरपूर शिल्लक होतं. सत्तरीच्या बाईला एवढ्यासाठी उन्हात भाजत नेलं, हे मला अजून टोचतं.

परतीच्या दिवशी गाडी मामाच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत चार्जिंगला होती. प्लग काढण्याआधी वीस मिनिटं मोबाइलवरून एसी सुरू केला. तापलेली गाडी गार करायची सगळी वीज भिंतीतून आली, बॅटरी भरलेलीच राहिली. मग आतली हवा फिरवायचं बटण दाबलं, तापमान 25 वर ठेवलं. तिवसा यायच्या आत आई झोपली होती.