नोहा काय बोलला?

नमस्कार श्रोतेहो.

चर्चच्या रविवारच्या वर्गात, म्हणजे संडे स्कूलमध्ये, भेटलेला बायबलमधला नोहा भलता बोलका होता. देवाच्या सांगण्यावरून तारू, म्हणजे मोठं जहाज, बांधता बांधता तो शेजाऱ्यांना बजावायचा, पूर येतोय, सुधारा. शेजारी फिदीफिदी हसायचे. नाताळच्या कार्यक्रमात आम्ही ते नाटकही केलं. मी हसणाऱ्यांत होतो, कारण त्याला पाठांतर लागत नव्हतं.

पुढे उत्पत्ती हे बायबलचं पहिलं पुस्तक स्वतः वाचलं, तर त्यात ना ते हसणं, ना ते बजावणं. बायबलमधल्याच पेत्राच्या पत्रात नोहाला उपदेशक म्हटलंय खरं, पण उपदेशातला एक शब्दही दिलेला नाही. उत्पत्तीत बोलतो तो देव. लांबी 300 हात, रुंदी 50, उंची 30, आतून-बाहेरून डांबर लाव, असं सगळं सांगतो. नोहा ऐकतो आणि तसं करतो. पाऊस सुरू होतो, पाणी चढतं, ओसरतं, कबुतर जैतुनाचं पान घेऊन येतं, तरी हा माणूस गप्पच.

2014 साली डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की यांचा ‘नोहा’ चित्रपट आला, तेव्हा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बदललं म्हणून गदारोळ झाला. कंपनीला जाहिरातीत खुलासा जोडावा लागला. कतार, बहारीन आणि अमिरातीत तर चित्रपट लागलाच नाही. तिथला आक्षेप मात्र निराळा. इस्लाममध्ये नोहा पैगंबर, आणि पैगंबराला पडद्यावर दाखवायचं नाही. आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी होते ते चित्रपटातले दगडाचे राक्षस. हे कुठून आणले?

मला त्या राक्षसांचं काही वाटलं नाही. चार अध्यायांची गोष्ट सव्वादोन तास चालवायची तर भर घालावीच लागते. कीर्तनकार सुदाम्याच्या पोह्यांवर तासभर बोलतात, तेव्हा कुणी पोथी उघडून ओळी ताडून पाहत नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही बायबलची गोष्ट ओव्यांत घोळवूनच.

उलट काही ठिकाणी हा दिग्दर्शक आमच्या संडे स्कूलपेक्षा शास्त्राला जास्त धरून आहे. त्याचं तारू चित्रातल्यासारखं गोंडस होडकं नाही, चक्क लाकडी पेटारा आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थही पेटीच. शेवटी द्राक्षारस पिऊन उघडा पडलेला नोहा दाखवला, तेव्हा माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, “हे काय भलतंच!” बाई, नवव्या अध्यायात आहे ते.

मला खुपलं ते वेगळंच. उत्पत्तीत देव बोलतो आणि नोहा गप्प असतो. चित्रपटात देव गप्प आणि नोहा बोलतो. त्याला स्वप्नं पडतात, त्यांचा अर्थ तो आपल्या मनाने लावतो. माणूसजातच संपवायची असा अर्थ लावून तो तान्ह्या नातींवर सुरी उगारतो. पवित्र शास्त्रात नोहा, त्याची बायको, तीन मुलगे आणि तीन सुना तारवात चढतात, एकूण आठ माणसं. माणूसजात पुढे चालायची सोय देवानेच केलेली. चित्रपटात मात्र दोघा मुलांना बायकाच नाहीत. शास्त्र जिथे गप्प आहे तिथे खुशाल बोला. जिथे ते हातांच्या मापासकट बोलतंय, तिथला आवाज बंद केलात तर नाव नोहाचं उरतं, माणूस दुसराच होतो.

एक कबूल करतो. देव सदोम हे पापी शहर नष्ट करायला निघाला, तेव्हा ते वाचवण्यासाठी अब्राहामाने त्याच्याशी घासाघीस केली; नोहाने शेजाऱ्यांसाठी एक शब्द टाकला नाही. ही टोचणी जुनी आहे, यहुदी धर्मपंडितांनाही होती. बुडणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकत तारवात बसलेलं ते कुटुंब पडद्यावर पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या नाटकातल्या त्या हसण्याची लाज वाटली.

आणि शास्त्रातला नोहा अखेर तोंड उघडतो, ते कधी? नशा उतरल्यावर. उघड्या बापाला पाहिलं त्याच्या मुलाने, हामने, आणि नोहा शाप देतो हामच्या मुलाला, कनानाला. पाठोपाठ उरलेल्या दोन मुलांना आशीर्वाद. त्याचं एवढंच बोलणं शास्त्रात आहे. चित्रपटात तो शाप नाही. हामला बायकोच दिली नाही, तर कनान येणार कुठून?