आधी सांगाडा, मग कापड

नमस्कार श्रोतेहो.

२०१५ साली आलेला ‘सिंड्रेला’ तुमच्यापैकी अनेकांनी मुलांबरोबर पाहिला असेल. त्यातल्या नाचाच्या प्रसंगातला निळा गाऊन आठवा. सँडी पॉवेल या वेशभूषाकार बाईंनी तो घडवला. एकावर एक डझनाहून जास्त तलम थर, वर १०,०००हून अधिक स्फटिक, आणि चित्रीकरणासाठी असे एकूण ९ गाऊन. चित्रपटांतले पोशाख घरच्या मशीनवर हुबेहूब शिवणं हा माझा छंद आहे, आणि भाचीसाठी मी हाच गाऊन शिवला.

लोक मला पहिलं विचारतात, कापड कुठून आणलं? कापड म्हापशाला मिळतं, मडगावला मिळतं. ऑर्गंझा, नेट, जॉर्जेट, हवं ते. पण असा गाऊन कापडाच्या जोरावर उभा राहत नाही, तो आतल्या सांगाड्यावर उभा राहतो. म्हणून आधी सांगाडा, मग कापड.

या सांगाड्याला क्रिनोलिन म्हणतात. कंबरेखाली लहान कडं, त्याखाली मोठं, त्याखाली आणखी मोठं, आणि सगळी उभ्या पट्ट्यांनी बांधलेली. पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं पेटंट पॅरिसमध्ये १८५६ साली निघालं. त्याआधी तिकडच्या बायका घेरासाठी खळ घातलेले परकर एकावर एक चढवायच्या. कड्यांनी ते ओझं उतरवलं.

आता माझा सांगाडा कसा झाला ते सांगते. ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. आमच्या वाड्यावर, फोंड्याकडे, मुलांचं नरकासुराचा पुतळा बांधणं चाललं होतं. मी ओसरीवर कडी मांडून बसले होते. कडी कसली, तर कुळागरात ठिबक सिंचनाला वापरतात ती काळी नळी. हलकी, वाकवली तरी पुन्हा आपल्या आकारावर येणारी, आणि घरात तिचं वेटोळं पडलेलंच होतं. नरकासुराचा सांगाडा बांधणारा शेजारचा मुलगा सुंभ मागायला आला आणि दारातच थांबला. “काकी, हें कितें?”

मी त्याला मोबाइलवर गाऊन दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि चपला काढून सरळ ओसरीवर बैठक मारली. म्हणाला, “काकी, हे तर आमचंच काम.” सुंभ राहिलं बाजूला. तो धावत जाऊन बांबूच्या कामट्या घेऊन आला आणि माझी कडी त्याने उभ्या कामट्यांना करकचून बांधली. भाचीला आत उभं केलं. काय सुंदर आकार दिसला! घंटेसारखा गोल. मग मी भाचीला म्हटलं, आता बस बघू. ती स्टुलावर टेकली मात्र, पुढची बाजू उसळून थेट तिच्या नाकापर्यंत! पोरगा म्हणाला, “नरकासुर कधी बसत नाही ना, काकी!”

मग आम्ही कामट्या सोडल्या आणि त्यांच्या जागी निवारीच्या पट्ट्या शिवल्या. आता बसलं की कडी एकमेकांवर मिटतात, उठलं की खाली उतरतात. उभ्या पट्ट्या मऊच हव्यात, श्रोतेहो. कडं ताठ, पट्टी मऊ.

एवढ्यावर तो थांबला नाही. नरकासुरावर कागद चढवायच्या आधी ते ओझं घालून बघतात म्हणे. त्याने एक जाड चादर भिजवली, पिळली आणि सांगाड्यावर टाकली. नितंबांच्या जरा खाली चादर आत बसली. तिथे दोन कड्यांत अंतर जास्त होतं. “इथे एक कडं घाला.” घातलं. मग भाचीला तुळशीवृंदावनाची पायरी चढायला लावली. पायाचा अंगठा खालच्या कड्यात अडकला. कडं वर घेतलं, पोटरीच्या मध्यापर्यंत. तोवर त्याला शोधत बाकीची मुलंही आली होती. कुणी नळी धरतंय, कुणी टेप. खालचं कडं ३२० सेंटिमीटरचं, म्हणजे आडवं साधारण मीटरभर. आमच्या जुन्या दाराचं एकच झापड उघडलेलं, तरी बाजूने जरा दाबलं की भाची अलगद आत जाई. तिने आतबाहेर किती फेऱ्या घातल्या!

नरकासुरावरून एक बोलते. अलीकडे नरकासुरापेक्षा लाऊडस्पीकरच मोठे झाले आहेत, हे मला मुळीच आवडत नाही. या मुलांच्या हातात खरी कारागिरी आहे. स्पर्धेत एक बक्षीस आतल्या बांधणीला द्या, कागद चढवायच्या आधी परीक्षक पाठवा.

असो. सांगाड्यावर चुण्यांचा नेटचा परकर घाला, म्हणजे कड्यांच्या रेघा वर उमटत नाहीत. मग गाऊनचे थर. निळा, फिकट जांभळा, किंचित हिरवट, अशा वेगवेगळ्या छटा एकावर एक घ्या. पूर्ण गोल घेराचा थर कापताना कंबर भागिले सव्वासहा केलं की आतल्या गोलाची त्रिज्या मिळते. ६६ सेंटिमीटर कंबरेला साडेदहा. लांबी १०५ धरली तर एकाच थराचा खालचा काठ सव्वासात मीटर भरतो. सहा थर म्हणजे त्रेचाळीस मीटरांहून जास्त काठ! आणि काठ लगेच दुमडू नका. गोल कापात काही भाग उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका येतो, तो आपल्याच वजनाने खाली ओघळतो. रात्रभर टांगून ठेवा, मग समान करा, मग दुमडा. चोळीचा भाग आधी मांजरपाटावर शिवून अंगावर बघा. ताठपणासाठी आत प्लास्टिकचे केबल टाय चालतात, टोकं तेवढी घासून गोल करा.

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आणि आपल्या नाट्यस्पर्धांत कपडेपट सांभाळणाऱ्यांचं नाव अगदी शेवटी, घाईघाईत वाचतात. ते दिग्दर्शकाच्या पाठोपाठ वाचलं गेलं पाहिजे.

शेवटचं, पावसाळ्याचं. आपल्या दमट हवेत गाऊन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते. जुन्या सुती साडीत सैल गुंडाळा आणि ऊन पडलं की घरातच, सावलीत वारा द्या. सांगाडा वेगळा काढा. पट्ट्या मऊ असल्यामुळे तो सपाट मिटतो आणि कपाटाच्या मागे उभा राहतो. नमस्कार.