पिंपळगावहून रॉटरडॅमशी बोलताना

नमस्कार श्रोतेहो. परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर रोज काम करणारी माणसं नाशिकमध्ये आता फक्त आयटीतच नाहीत. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून ड्रॉइंगवर बोलणी होतात, पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या खरेदीदाराला व्हिडिओवर द्राक्षाचे मणी दाखवले जातात.

या कामात पहिला घोळ होतो घड्याळाचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे आपल्या ऐन हंगामात, युरोप घड्याळं तासभर पुढे करतो. नेदरलँड्समधली दुपारी 2ची मीटिंग आपल्याकडे साडेसहाला व्हायची, ती सोमवारपासून साडेपाचला येते. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. म्हणून मीटिंग ठरवताना दोन्हीकडची वेळ लिहा. तारीख 03/04 अशी टाकू नका. आपण ती 3 एप्रिल वाचतो, अमेरिकन माणूस 4 मार्च. महिना अक्षरांत लिहिला की प्रश्न मिटला.

पण माझ्या मते खरी गाडी अडते ती अडचण सांगण्यापाशी. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं आपल्या जिवावर येतं. प्री-कूलिंग, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी द्राक्षं थंड करणं, अपुरं आहे, कंटेनर शुक्रवारी निघत नाही, हे गुरुवारी दुपारीच कळलेलं असतं. तरी कॉलवर आपण ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणून वेळ मारून नेतो. तिकडचा माणूस माल निघाला असं धरून पुढचे ट्रक ठरवून मोकळा होतो. समोर बसलेला असता तर आपला चेहरा बघून त्याला शंका तरी आली असती. स्क्रीनवरच्या एवढ्याशा चौकटीत, तुटणाऱ्या आवाजात ते कुठून कळणार?

गुरुवारीच लिहून टाका: ‘कंटेनर शुक्रवारी निघणार नाही. प्री-कूलिंग पूर्ण व्हायचं आहे. शनिवारी सकाळी 10ला, भारतीय वेळेनुसार, निघेल. गाडीचा नंबर मी आज संध्याकाळी 6पर्यंत कळवतो.’ एवढंच. माफीचा लांबलचक मजकूर नको, त्यात मुद्दा बुडतो. डच माणूस उत्तरही रोखठोक देईल. ते मालाबद्दल असतं, मनाला लावून घेऊ नका.

आणखी एक, अगदी कळकळीनं सांगतो. कॉलवर फक्त इंग्रजी येणाऱ्यालाच बसवू नका. घड हातात घेऊन मणी तपासणारी ताई शेजारी हवी. तिला नावानं विचारा, मराठीत बोलू द्या, आणि तिचं म्हणणं न कापता तिकडे सांगा. खरेदीदाराला तेवढा वेळ थांबायला सांगितलं, तर तो थांबतो.