आधी समोरच्या किनाऱ्यावर

नमस्कार मंडळी. ‘क्रूझच्या सहलीतली फोटोग्राफी’ असा विषय मला दिला होता. तो मी मुद्दाम लहान करून घेतला आहे. एकच बंदर, एकच शहर आणि बोट तिथं थांबते तेवढा एकच दिवस. शहर आहे माल्टाची राजधानी व्हॅलेटा. इथं मी दोनदा उतरले. पहिल्यांदा दिवस हातातून गेला. दुसऱ्यांदा मनासारखे फोटो मिळाले. कॅमेरा दोन्ही वेळा तोच होता. दुसऱ्या खेपेला घरून निघण्याआधी नकाशा पुढ्यात घेऊन सूर्य कुठं असेल हे मी काढून ठेवलं होतं, फरक पडला तो त्यामुळे.

पहिल्या खेपेला काय झालं ते सांगते. सकाळी नऊच्या सुमारास धक्क्यावर उतरलो. सगळे जिकडे निघाले तिकडेच मीही निघाले, म्हणजे लिफ्टनं वर ‘अप्पर बराक्का’ बागेत. बागेच्या कठड्यावरून खाली ग्रँड हार्बर हे बंदर पसरलेलं दिसतं आणि पलीकडे तीन जुनी गावं: बिर्गू, सेंगलिया आणि बोर्मला. बिर्गूच्या टोकाला सेंट अँजेलोचा किल्ला. माल्टाच्या पोस्टकार्डांवर असतो तोच हा देखावा. मी ऐंशीएक फोटो काढले. संध्याकाळी केबिनमध्ये बसून पाहिले, तर सगळे पांढुरके, धुरकट, किल्ला काळा ठिक्कर. ऑक्टोबरचा मध्य होता. त्या दिवसांत सकाळी नऊला सूर्य त्या कठड्यावरून बरोबर सेंट अँजेलोच्या डोक्यावर येतो. मी तासभर सूर्याकडे लेन्स धरून उभी होते, आणि माझ्यामागे पूर्ण शहर उन्हात न्हाऊन निघालं होतं. ते पाहायला मी पलीकडच्या किनाऱ्यावर असायला हवं होतं.

आता शहराची ठेवण समजून घेऊ, कारण सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. व्हॅलेटा म्हणजे समुद्रात ईशान्येकडे घुसलेली एक डोंगराची जीभ. लांबी जेमतेम एक किलोमीटर. एका अंगाला ग्रँड हार्बर, दुसऱ्या अंगाला मार्सामशेट हे दुसरं बंदर. १५६५ साली ऑटोमन आरमारानं माल्टाला वेढा घातला तेव्हा या जिभेवर शहर नव्हतंच, फक्त टोकाला सेंट एल्मोचा किल्ला होता. तो २३ जूनला पडला. समोरच्या किनाऱ्यावरची बिर्गू आणि सेंगलिया मात्र टिकली आणि सप्टेंबरात वेढा उठला. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांचा (नाइट्सचा) प्रमुख जाँ द व्हालेत यानं या उघड्या डोंगरावर नव्या शहराचा पहिला दगड बसवला. आराखडा फ्रांचेस्को लापारेल्ली या इटालियन लष्करी स्थापत्यकाराचा. त्यानं रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ आखले. फोटो काढणाऱ्यांनी त्या माणसाचे आभार मानावेत, कारण रस्ते सरळ असले की ऊन कुठल्या रस्त्यात कधी उतरेल हे घरबसल्या सांगता येतं.

लांब रस्ते नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात, आडवे रस्ते त्यांना छेदून दोन्ही बाजूंना समुद्राकडे उतरतात. ऑक्टोबरात साडेदहा-अकराला सूर्य आडव्या रस्त्यांच्या रेषेत येतो आणि गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळते. चारच्या सुमारास तो लांब रस्त्यांच्या रेषेत येतो. तेव्हा रिपब्लिक स्ट्रीटवर चालणाऱ्या माणसांच्या सावल्या त्यांच्यापेक्षा लांब होतात. तुम्ही जूनमध्ये गेलात तर हे गणित बदलेल. तिथं जूनच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७७ अंश वर असतो, डिसेंबरात जेमतेम ३१ अंश. आपल्या मुंबईत डिसेंबरातही तो ४७ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे हिवाळ्यात तिथं भर दुपारीसुद्धा आपल्याकडच्या सकाळसारखं तिरपं ऊन मिळतं. मला विचाराल तर ऑक्टोबर ते मार्च हेच या शहराचे फोटोचे महिने. आणखी एक. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात आणि ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यात घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर यायला पाऊण तास असतो. सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही साधं ॲप घ्या, तारीख टाका आणि कागदावर बाण काढून ठेवा. माझा तो कागद अजून जपून ठेवलेला आहे.

तर दुसऱ्या खेपेचा दिवस. तो धक्क्यावर नाही, डेकवर सुरू झाला. सात वाजायच्या आत मी वर होते. बोट सेंट एल्मो आणि रिकासोली या दोन किल्ल्यांच्या मधून आत शिरते आणि नैर्ऋत्येकडे वळते. म्हणजे शहर तुमच्या उजव्या हाताला येतं. मागून नुकतं उगवलेलं ऊन त्याच्या तटबंदीवर पडतं. डेकची उंची अशी की तुम्ही बुरुजांच्या जवळजवळ बरोबरीला असता. असा कोन जमिनीवरून पुन्हा मिळत नाही. हा सगळा खेळ फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि त्या वेळी बरेचसे प्रवासी नाश्त्याच्या रांगेत असतात. नाश्ता नंतर मिळतो हो. लांब लेन्स फक्त इथंच वापरा, ७०-२०० मिलिमीटरची असेल तर उत्तम. बोट चालू असते, तेव्हा शटर पाचशेच्या (१/५०० सेकंदाच्या) खाली नेऊ नका आणि कठड्याला हात टेकवू नका. इंजिनाची थरथर कठड्यातून हातात येते.

धक्का फ्लोरियानात आहे, पिंटोच्या वखारींसमोर. १७५२ च्या त्या दगडी वखारी धक्क्याला लागूनच आहेत. तिथून किनाऱ्यानं दहा-पंधरा मिनिटं चाललं की वर जाणारी लिफ्ट येते. ती २०१२ पासून सुरू आहे आणि ५८ मीटर चढते. तिच्यासमोर, पाण्याच्या बाजूला, पलीकडे जाणाऱ्या फेरीचा धक्का आहे आणि तिथंच ‘डायसा’ उभ्या असतात. डायसा म्हणजे दोन्ही टोकं वर उचललेली रंगीत लाकडी होडी. सगळे लिफ्टकडे वळतात, तुम्ही पाण्याकडे वळा. काही मिनिटांत तुम्ही बिर्गूत असता. खाडीच्या कडेकडेनं बोर्मलातून चालत सेंगलियाच्या टोकापर्यंत जा. तिथं एक छोटा टेहळणीचा दगडी मनोरा आहे, ‘गार्दजोला’. त्याच्यावर एक डोळा आणि एक कान कोरलेला आहे. पहारेकऱ्यानं बघत राहावं, ऐकत राहावं म्हणून. त्या मनोऱ्याशेजारी उभं राहून समोर पाहिलं आणि मला पहिल्या खेपेची ती सकाळ आठवली. पाण्याच्या कडेपासून थेट घुमटांपर्यंत पूर्ण व्हॅलेटा मधाच्या रंगात समोर होतं. आणि मी एकटी.

या मधाळ रंगाबद्दल थांबून बोलायला हवं. हा तिथला मऊ चुनखडीचा दगड, माल्टी लोक त्याला ‘फ्रांका’ म्हणतात. तो करवतीनं कापता येतो. घरं, चर्च, तटबंदी, सगळं त्याचंच. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर अशा उजळ दगडाला फसतं. चौकट दगडानंच भरलेली असेल तर ते एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, कमी करतं आणि दगड मळका, राखाडी येतो. अशा वेळी अर्धा ते पाऊण स्टॉप वाढवा. अर्धी गल्ली उन्हात आणि अर्धी सावलीत असेल, तर उलट करा: उन्हातल्या दगडावर एक्सपोजर घ्या आणि सावली काळी पडू द्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवू नका. तो मधातला पिवळेपणा काढून टाकतो. ‘सूर्यप्रकाश’ या खुणेवर ठेवा आणि दिवसभर तिथंच राहू द्या. त्याच दगडाचा एक उपकार असा की अरुंद गल्लीत समोरच्या भिंतीवरचं ऊन परतून सावलीतल्या भिंतीवर येतं. त्या उजेडात चेहरे फार सुंदर येतात. पोर्ट्रेट काढायचं असेल तर सावलीतल्या बाजूला, उन्हातल्या भिंतीकडे तोंड करून माणूस उभा करा.

परत अलीकडे आलात की अकरा वाजत आलेले असतात. आता लिफ्टनं वर या. बागेखालच्या गच्चीवर तोफांची रांग आहे आणि रोज दुपारी बाराला एक तोफ उडते. वरच्या बागेतून ते फुकट दिसतं, पण कठडा अर्धा तास आधी भरतो. शटर हजारावर ठेवा आणि आवाजाची वाट पाहू नका. आवाज ऐकून बोट दाबलंत तर नुसता धूर मिळेल. तोफेची दोरी धरलेल्या सैनिकाच्या हाताकडे लक्ष ठेवा आणि हात हलायच्या आधीच सलग फोटो सुरू करा.

दुपारचे दोन तास गल्ल्यांना. इथं माझं एकच म्हणणं आहे: यादी करू नका. सेंट अर्सुला स्ट्रीट ही पायऱ्यांची गल्ली पुरे आहे. वरच्या टोकाला उभं राहिलं की पायऱ्या खाली उतरत जातात आणि डोक्यावर दोन्ही बाजूंनी रंगीत लाकडी, काचा लावलेले बंद सज्जे पुढे आलेले दिसतात. हिरवे, लाल, निळे. माल्टी भाषेत त्यांना म्हणतात ‘गल्लरीया’. आपण घराच्या सज्ज्याला गॅलरी म्हणतो, अगदी तेच. माल्टी भाषा मुळात अरबीच्या घराण्यातली, लिपी मात्र रोमन. पुस्तकाला ‘क्तीब’, जगाला ‘दिन्या’, वर्षाला ‘सेना’. आपल्या किताब, दुनिया आणि सन यांची ही सख्खी भावंडं. एका दुकानदार आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या दारातून बाहेर आल्या, माझा हात धरून शब्द मोजायला लागल्या आणि मग त्यांनी स्वतःहून विचारलं, फोटो नाही का काढायचा? परवानगी घेऊन फोटो काढा असं आपण म्हणतो. मला वाटतं, आधी दोन शब्द बोलावेत.

ऊन फारच कडक असेल तर सेंट जॉनच्या को-कॅथेड्रलमध्ये शिरा. १५७३ ते १५७८ या काळात जिरोलामो कासारनं बांधलेलं, बाहेरून अगदी रुक्ष. आत पाऊल टाकलं की जमिनीवर सरदारांच्या सुमारे चारशे रंगीत संगमरवरी समाध्या आणि वर मात्तिया प्रेतीनं रंगवलेलं छत. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ चं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे प्रचंड चित्र इथंच आहे. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही केली आहे ती रंगवलेल्या रक्तात. त्या चित्रासमोर मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि वीस मिनिटं बसले. एका खिडकीतून आल्यासारखा उजेड आणि बाकी सगळा अंधार. बाहेर आल्यावर मी गल्लीतल्या सावल्यांकडे निराळ्या नजरेनं पाहायला लागले. आत फ्लॅश चालत नाही. बारीक टाचांच्या चपला चालत नाहीत, संगमरवराला इजा होते म्हणून. रविवारी पर्यटकांना ते बंद असतं, तेव्हा तुमची बोट कोणत्या वारी लागते ते आधी पाहा. तसे सपाट, रबरी तळाचे बूट दिवसभरच लागतील. त्या गल्ल्यांतला दगड शतकानुशतकं पावलांनी घासून काचेसारखा झाला आहे.

वेशीजवळचं, स्थापत्यकार रेन्झो पियानोचं संसद भवन २०१५ चं आहे, दगडी कातर-नक्षीसाठी दहा मिनिटं द्या. शेजारी ७ एप्रिल १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात पडलेल्या ऑपेरा हाउसचे खांब आहेत. आणि फ्लोरियानातून धक्क्याकडे उतरताना एक गोष्ट लक्षात असू द्या. १८७८ साली ब्रिटिशांनी मुंबईहून बोटींतून सुमारे ७,००० हिंदी सैनिक याच बेटावर आणले होते. त्यांत मुंबई फौजेच्या पलटणीही होत्या. मी त्या उतारावर थोडा वेळ उभी राहिले. तिथं फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

वेळेचं सांगते. बोट सहाला सुटणार असेल तर सगळ्यांनी आत यायची वेळ बहुतेकदा साडेपाचची असते. बोटीचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ दर वेळी एकच असेल असं नाही. मनगटावर बोटीची वेळ ठेवा, फोनवर गावाची. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा नंबर असतो. त्या पत्रकाचाच दिवसातला पहिला फोटो काढा. चार ते पावणेपाच मी पुन्हा अप्पर बराक्कात होते. पहिल्या खेपेला सकाळी मला फसवलेला तोच कठडा. आता सूर्य उजव्या खांद्यामागे गेलेला आणि सेंट अँजेलोचा एकेक दगड मोजता येत होता. त्या खेपेच्या ऐंशी फोटोंच्या जागी मी सहा काढले.

आणि शेवटचं. बोट सुटताना लोक शहराचा निरोप घ्यायला डाव्या बाजूला गर्दी करतात. तिथून घुमटांच्या काळ्या आकृत्या मिळतात, मावळतीचं केशरी आकाश मागे, तेही छान. पण तुम्ही उजवीकडे जा. ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहाला सूर्य मावळतो, त्याआधीचं शेवटचं ऊन बिर्गूच्या किल्ल्यावर आणि सेंगलियाच्या त्या छोट्या मनोऱ्यावर पडलेलं असतं. सकाळी जिथं उभे होतात ती जागा आता तुम्हाला बोटीवरून दिसते. लांब लेन्स लावलीत तर त्याच्यावरचा तो कोरलेला डोळासुद्धा.