फाईल आधी, विमान नंतर

[दृश्य: पुण्यातल्या एका दत्तक संस्थेचं ऑफिस. टेबलावर जाडजूड फाईल.]

या फिल्ममध्ये तुम्हाला एकाही बाळाचा चेहरा दिसणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 तशी मनाई करतं, आणि ती मनाई योग्यच आहे. दिसतील ते हात, पाळणे आणि ही फाईल. महाराष्ट्रातल्या एखाद्या बाळाला परदेशातले आईबाबा मिळतात तेव्हा बाळाच्या आधी फाईलचा प्रवास सुरू होतो. पुणे, दिल्ली, परदेशातलं सरकारी खातं, पुन्हा दिल्ली, पुन्हा पुणे.

[दृश्य: फाईल उघडते. पिवळट पडलेलं कात्रण.]

सुरुवातीलाच वर्तमानपत्राचं हे कात्रण. बोटभर जागेत बाळाचा फोटो, ते कुठे सापडलं, कधी सापडलं, आणि नातेवाइकांनी संपर्क साधावा अशी विनंती. मूल टाकून दिलेलं असेल तर त्याचं कुणी आहे का, हे आधी शोधावं लागतं. मूल दोन वर्षांखालचं असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत हा शोध संपवून बाल कल्याण समितीने निर्णय द्यायचा असतो. आईने स्वतः समितीपुढे येऊन बाळ सोपवलं असेल, तर तिला फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. या काळात संस्थेतल्या कुणीही घाई करायची नाही. परत येणाऱ्या आया असतात, आणि त्यांच्यासाठी दार उघडं राहायलाच हवं. मुदत संपली, कुणी आलं नाही, की समिती लिहून देते: हे मूल दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे. या एका ओळीशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

एवढा काटेकोरपणा पूर्वी नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर 1979 साली पुण्यात जन्मली आणि जन्मानंतर काही आठवड्यांतच तिला आईबाबा मिळाले. तिचं सोनं झालं. पण त्या काळी प्रत्येक मुलाच्या वाट्याला असं घर येईल याची खात्री देणारी व्यवस्थाच नव्हती. परदेशी जोडपी 1890 च्या पालकत्व कायद्याखाली फक्त पालकत्वाचा हुकूम घ्यायची, मूल घेऊन जायची आणि दत्तकविधान तिकडे व्हायचं. झालं की नाही, हे इथून कोण बघणार? 1982 साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि फेब्रुवारी 1984 मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. परदेशी दत्तकाची आजची चौकट तिथून उभी राहिली. 1990 मध्ये दत्तकविधानांवर देखरेख करणारं ‘कारा’ हे केंद्रीय प्राधिकरण आलं. 2003 मध्ये भारताने हेग करार, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, स्वीकारला.

कागद अपुरे राहिले तर काय होतं, याचं एक उदाहरण मुंबईचंच आहे. लहानपणी मुंबईतून अमेरिकेला दत्तक गेलेल्या एका स्त्रीला 2008 साली अमेरिकेने हद्दपार करून परत पाठवलं. तिचं नागरिकत्व कुणी पूर्ण करूनच घेतलं नव्हतं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, अशा शहरात तिला उतरावं लागलं. म्हणून पुढची कागदांची यादी ऐकताना कंटाळू नका.

[दृश्य: लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल. पलीकडे न्यू जर्सीतलं स्वयंपाकघर.]

आता आईबाबांची बाजू. त्यांनी थेट पुण्याच्या संस्थेत फोन करून चालत नाही. त्यांच्या देशातली अधिकृत दत्तक संस्था किंवा तिथलं केंद्रीय प्राधिकरण, यांच्यामार्फतच यावं लागतं. सामाजिक कार्यकर्ती घरी येते. पगार, तब्येत, पोलीस पडताळणी, लग्न कसं चाललंय, घरात आणखी कोण राहतं, सगळं विचारते. त्याचा होतो होम स्टडी अहवाल, आणि तो ‘कारा’च्या पोर्टलवर चढतो.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर इथला कायदा तुम्हाला देशातल्या पालकांच्याच रांगेत उभं करतो. पण अमेरिकेत आय-800, म्हणजे हेग करारातल्या देशातून दत्तक मूल नेण्याचा अर्ज, करून मूल न्यायचं, तर नवराबायकोपैकी एकाला तरी अमेरिकी नागरिक असावं लागतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या जोडप्याने होम स्टडीवर एक डॉलरही खर्च करण्याआधी वकिलाकडे बसून हे नीट समजून घ्यावं. बाळाचा फोटो पाहून झाल्यावर ही अट कळणं फार क्रूर असतं.

परदेशी पालकांकडे जाणाऱ्या मुलांत मोठा वाटा असतो तो इथे कुणी न घेतलेल्या मुलांचा. कुणाच्या हृदयाला छिद्र, कुणाचा ओठ दुभंगलेला, कुणाला ऐकू येत नाही, तर कुणी नुसतंच सहा वर्षांचं. आपल्याकडे सगळ्यांना तान्हं आणि निरोगी बाळ हवं असतं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण पाळण्याशेजारी उभं राहिलं की ते लख्ख दिसतं.

मुलाची माहिती पडद्यावर आली की पालकांनी 96 तासांत ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायचं, आणि 30 दिवसांत बाल अध्ययन अहवालावर आणि वैद्यकीय अहवालावर सही करून होकार द्यायचा. मग तिकडचं सरकार हेग करारानुसार पत्र देतं, की या पालकांना आमची हरकत नाही आणि मुलाला आमच्या देशात कायमचं राहता येईल. त्यावर ‘कारा’ची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. त्यानंतर दत्तक आदेश.

इथे बराच गोंधळ झाला. सप्टेंबर 2022 पासून आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. तयार फाईली पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार का, या धास्तीने पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने प्रलंबित प्रकरणांची जिल्हाधिकाऱ्यांकडे होणारी रवानगी थांबवली. नियम म्हणतो दोन महिन्यांत आदेश द्या. निवडणुका, बदल्या, दौरे यांत हे दोन महिने लांबू शकतात. माझं म्हणणं सरळ आहे: तपासणीतला एकही कागद कमी करू नका. पण जी फाईल पूर्ण आहे, ती टेबलावर पडून का राहावी? दीड वर्षाच्या मुलासाठी चार महिने म्हणजे चालायला लागून धावायला लागण्याचा काळ.

[दृश्य: पांढरी चादर. दोन हात बाळाला मागून धरतायत.]

आदेशाची प्रमाणित प्रत हातात आली की पासपोर्ट. त्याआधी नवा जन्मदाखला, त्यावर नव्या आईबाबांची नावं. पासपोर्टच्या फोटोला पार्श्वभूमी पांढरी हवी, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं. आठ महिन्यांच्या बाळाला हे कोण सांगणार? एक मावशी चादरीमागे लपून बाळाला उभं धरते, दुसरी फोटोग्राफरच्या खांद्याशी खुळखुळा वाजवते. बाळ हसतं, फोटो बाद. पुन्हा खुळखुळा.

आईबाबांना स्वतः भारतात येऊनच बाळाला न्यावं लागतं. अमेरिकेचा व्हिसा असेल तर पुण्याहून दिल्ली, वैद्यकीय तपासणी, दूतावास. नुकत्याच भेटलेल्या मुलाबरोबर हॉटेलच्या खोलीत काढलेले हे दिवस कठीण असतात. मूल मोठं असेल तर ते मराठीत रडतं. म्हणून चांगल्या संस्थेतल्या मावश्या एक कागद लिहून देतात. नियमात तो कुठेच नाही. गुरगुट्या भात आवडतो, पालथं झोपतं, शूला लागली की कान ओढतं.

[दृश्य: विमानतळ. सरकत्या पट्ट्यावर बॅगा.]

दत्तक आदेश, एनओसी, दत्तकविधान हेग करारानुसार झालं असं सांगणारं ‘कारा’चं अनुरूपता प्रमाणपत्र आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका. इमिग्रेशनच्या खिडकीत ते मागितले जाऊ शकतात. पूर्ण झालेल्या दत्तकविधानाच्या व्हिसावर अमेरिकी नागरिक पालकांबरोबर तिथे उतरलं की मूल आपोआप नागरिक होतं. ही सोय 2001 पासून लागू आहे. तरीही नागरिकत्वाचा दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

त्यानंतर दोन वर्षं मूल कसं आहे याचे अहवाल येत राहतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आणि एके दिवशी ते मूल मोठं होऊन स्वतःच पुण्यात येऊ शकतं, माझं मूळ कुठलं हे विचारायला. तो हक्क त्याचाच, तिऱ्हाइताला तो मिळत नाही. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी त्यांची संमती विचारली जाते. ती मिळाली नाही, तरी मूल कोणत्या परिस्थितीत संस्थेत आलं, एवढं त्याला सांगता येतं.