जंगल वॉशिंग्टनचं, परमिट डेन्व्हरचं

हा जो चपट्या माथ्याचा डोंगर दिसतोय ना, तो लाँग्ज पीक. 14,259 फूट. कोलोरॅडोतलं रॉकी माउंटन नॅशनल पार्क. आता हा दुसरा फोटो बघा, जागा तीच, फक्त दिवस वेगळा. डोंगर आहे तिथंच आहे पण कडे पुसल्यासारखे, चष्म्यावर बोटं लागल्यावर दिसतं तसं.

अमेरिकेत हे लांबवरचं स्वच्छ दिसणंसुद्धा कायद्यात बसवलंय. 1977 साली क्लीन एअर ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि मोठी नॅशनल पार्क, मोठी राखीव रानं अशा 156 जागांसाठी ठरलं की माणसाने केलेल्या प्रदूषणामुळे तिथला नजारा बिघडता कामा नये, आणि बिघडला असेल तर तो सुधारायचा. पुढे 1999 च्या नियमाने त्याला मुदत दिली, 2064. हो, दोन हजार चौसष्ट. सरकारी काम कुठलंही असो, शेवटी सरकारीच.

या 156 पैकी 12 जागा एकट्या कोलोरॅडोत आहेत. जमीन केंद्राची, म्हणजे पार्क सर्व्हिस नाहीतर फॉरेस्ट सर्व्हिसची, पण हवा साफ ठेवायचा प्लॅन करायचा राज्याने. आणि इथेच खरी गंमत आहे, कारण हवा खराब करणाऱ्यांत वीजकेंद्रं आहेत, गाड्या आहेत, तेल-गॅसच्या विहिरी आहेत आणि खुद्द त्या जंगलाचा मालकही आहे.

कसा, ते बघू. शंभरेक वर्षं केंद्राच्या या खात्यांनी दिसेल तो वणवा विझवला, त्यामुळे जंगल दाटलं, खाली काटक्या-पाचोळा साठला. मग आता तो स्वतःच जाळायचा, हळूहळू, ठरवून. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा जाळतं, साधारण तोच विचार, फक्त पसारा खूप मोठा. बारीक झाडं तोडून ढीग रचायचे, मधलं लाकूड कोरडं राहावं म्हणून वर जाड कागद किंवा प्लॅस्टिक टाकायचं, आणि हिवाळ्यात आजूबाजूला बर्फ पडला की पेटवायचे. पेटवायला हातात एक डबा असतो, आत डिझेल आणि पेट्रोलचं मिश्रण, नळीच्या टोकाला पेटती वात, डबा तिरका केला की आगीचे थेंब पडतात. धूर पांढरा, दाट, थंडीत जड.

आणि हे करायला केंद्राच्या माणसाला राज्याच्या, म्हणजे राजधानी डेन्व्हरमधल्या, एअर पोल्युशन खात्याचं स्मोक परमिट लागतं! त्यात अटी असतात: दिवसाला किती ढीग, वारा कुठल्या दिशेचा हवा, धूर वर जाऊन पांगेल असा हवामानाचा अंदाज आहे की नाही. संध्याकाळचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण सूर्य गेला की डोंगरावरची थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येते, सोबत धूर घेऊन येते आणि दरीतल्या गावावर झाकण ठेवल्यासारखी बसते, मग सकाळी गावात उठलेल्यांचे डोळे चुरचुरायला लागतात.

हा अधिकार राज्यांना सहज नाही मिळाला बरं का. केंटकी राज्याने म्हटलं होतं की आमच्या हद्दीतल्या केंद्राच्या आस्थापनांनी, त्यात फोर्ट नॉक्सचा लष्करी तळही आला, आमचं परमिट घ्यावं. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि 1976 मध्ये कोर्ट म्हणालं, प्रदूषणाची मर्यादा त्यांनी पाळावी, पण तुमचं परमिट घ्यायची गरज नाही. म्हणजे सिग्नल पाळा पण लायसन नको, असला प्रकार. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, क्लीन एअर ॲक्टचं 118 वं कलम बदललं: खाजगी माणसाला जे नियम तेच केंद्राच्या खात्याला, परमिटसकट. 1990 मध्ये फीही भरावी लागेल हे स्पष्ट लिहून टाकलं. पळवाट एक ठेवलीच, देशाच्या अत्यंत महत्त्वाच्या हिताचं कारण देऊन राष्ट्राध्यक्ष सूट देऊ शकतात.

कोलोरॅडो एक पाऊल पुढे गेलं. राज्यात 10,000 एकरांपेक्षा जास्त गवताळ किंवा जंगलजमीन ज्याच्याकडे आहे आणि जो अशी आग लावतो, त्याने आपला प्लॅन राज्याच्या हवा आयोगापुढे ठेवायचा, त्यावर जाहीर सुनावणी. आयोग गव्हर्नरने नेमलेला. त्याच्यासमोर केंद्राचा अधिकारी फाइल घेऊन बसतो आणि आयोगवाले विचारतात, की जाळण्याऐवजी दुसरा काही मार्ग बघितलात का. यालाही मागची गोष्ट आहे. 1993 मध्ये याच फॉरेस्ट सर्व्हिसने कोलोरॅडोतल्याच माउंट झर्केलच्या राखीव रानात नजारा बिघडलाय असं लेखी कळवलं होतं आणि बोट गेलं यांपा खोऱ्यातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांकडे. दुसऱ्याच्या धुराकडे बोट दाखवलं की आपल्या धुराचा हिशोब मागितला जाणारच, मला तर त्यात काही गैर वाटत नाही.

हिशोब ठेवणारी ही पेटी. दर तिसऱ्या दिवशी, मध्यरात्र ते मध्यरात्र, पंप हवा ओढतो आणि वेगवेगळ्या फिल्टरमधून सोडतो. टेफ्लॉनचा, नायलॉनचा, क्वार्ट्झचा. क्वार्ट्झवर कार्बन मोजतात, लाकडाचा धूर तिथे पकडला जातो. पेटी बऱ्याच ठिकाणी पार्कचीच माणसं सांभाळतात, म्हणजे स्वतःच्या धुराची नोंद स्वतःच्याच हाताने.

पण परमिट नाकारलं म्हणून जंगल जळायचं थांबत नाही ना. 2020 मध्ये कोलोरॅडोतच कॅमरन पीकचा वणवा 2,08,913 एकर गेला, ईस्ट ट्रबलसम 1,93,812 एकर, आणि हा दुसरा ऑक्टोबरमध्ये मुख्य पर्वतरांग ओलांडून पार्कात उतरला, एस्टेस पार्क गाव रिकामं करावं लागलं. त्या धुराला कोणाचं परमिट? नजाऱ्याचा हिशोब लावताना वणव्याचा धूर नैसर्गिक धरून बाजूला काढायची सोय आहे. कागदावर ठीक आहे, फुफ्फुसाला हा फरक कळत नाही.

आणि लावलेली आग सुटतेही. 2022 मध्ये न्यू मेक्सिकोत फॉरेस्ट सर्व्हिसने लावलेली आग हाताबाहेर गेली, 3,41,000 एकर, त्या राज्यातला आजवरचा सगळ्यात मोठा वणवा. राज्यवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत, 2012 मध्ये डेन्व्हरजवळ कोलोरॅडोच्याच स्टेट फॉरेस्ट सर्व्हिसने लावलेली आग सुटली आणि तीन जण गेले. स्मोक परमिट हे धुराचं असतं, आग आवरायची जबाबदारी लावणाऱ्याची.

म्हणून ढीग पेटवायच्या दिवशी सगळं वाऱ्यावर अवलंबून. दुपारी धूर सरळ वर जातोय तोवर ठीक, तो गावाकडे वाकला की पेटवणं बंद. उरलेले ढीग कागद पांघरून तसेच, परत बर्फ पडेल, वारा जमेल, माणसं मोकळी असतील तेव्हा. एकेका ढिगाला कधीकधी दोन-दोन हिवाळे थांबावं लागतं.